गल्ला उघडण्याचा शनिवार

गल्ल्यात फारसं काही उरलेलं नाही, हे घरात फक्त एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस सकाळपासून कांदे चिरत बसलं होतं. कांद्याचा हा एक मोठा फायदा. डोळे का भरलेत, असं कुणी विचारत नाही.

ते माणूस म्हणजे घरातली थोरली सून. धाकटा दीर तिला वहिनी म्हणायचा, म्हणून हळूहळू सगळी गल्लीच तिला वहिनी म्हणायला लागली होती. तीन महिने पाच माणसांनी पोटाला चिमटे काढून गल्ल्यात पैसे टाकले होते. त्यातला चौथा हिस्सासुद्धा आत शिल्लक नव्हता. बाकीचे वहिनीने काढले होते. आणि आज, वर्षअखेरच्या सुट्टीच्या आधीच्या शनिवारी, दुपारी चार वाजता सगळ्यांसमोर गल्ला उघडायचा होता. आप्पा, म्हणजे तिचे सासरे, पस्तीस वर्षं शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. त्यांच्या घरात चार म्हणजे चारच वाजायचे.

या घराची ही जुनी रीत. सुट्टीला तीन महिने उरले की प्रत्येकाने आपली रोजची एक चैन सोडायची आणि तिचे पैसे गल्ल्यात टाकायचे. काय सोडलं ते कुणाला बोलायचं नाही. ते उघडायच्या दिवशी, उघडायच्या आधी, सगळ्यांसमोर सांगायचं आणि पोटभर कौतुक करून घ्यायचं. मग गल्ला उघडायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलेली यादी वाचायला घ्यायची. यादीत प्रत्येकाची सुट्टीतली एक इच्छा. सगळ्यात लहानाची वर, सगळ्यात थोराची तळाला. पैसे संपतील तिथे वाचन बंद. गल्ल्याची किल्ली मात्र जी स्वयंपाकघर सांभाळते तिच्याकडे. का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. आणि त्या 'का'मुळेच तर एवढं रामायण झालं होतं, पण ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

वहिनीने स्वतःसाठी एक पैही घेतली नव्हती. जे गेलं ते या घराच्याच चुलीत गेलं होतं. पहिल्या महिन्यात वीस तारखेलाच घरखर्चाचे पैसे संपले, तेव्हा तिने सिलिंडरसाठी गल्ला उघडला. पुढच्या महिन्यात परत टाकू, असं म्हणून. पुढच्या महिन्यात साखर संपली, मग अंडी, मग चहा, मग पुन्हा सिलिंडर. इतकी वर्षं तेवढ्याच पैशांत महिना निघत होता आणि यंदाच का निघत नाही, हे तिचं तिलाही उमगत नव्हतं. सांगायची सोय नव्हती. "एवढ्यात भागवते मी, तुम्ही बघाच," असं तिनेच महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांना ऐकवलं होतं. तिला वाटायचं, आपल्या हाताला बरकतच नाही.

आणि दिवस तरी कुठला? आज वन्सं येणार होत्या.

वन्सं म्हणजे आप्पांची लेक, नवऱ्याची धाकटी बहीण. बारा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्यावर घराचं स्वयंपाकघर आणि गल्ल्याची किल्ली त्यांच्याकडे आली होती. तेव्हा वहिनी या घरात यायची होती, पण ती गोष्ट तिने इतक्यांदा ऐकली होती की आपण तिथे हजर होतो असंच तिला वाटायचं. त्या वर्षी यादीत सगळ्यात वर तेरा वर्षांच्या धाकट्याची दुर्बीण होती. गल्ला उघडला तर पहिल्याच इच्छेला पैसे पुरेनात. धाकटा "असू दे" म्हणाला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. आप्पांनी लेकीकडे बघून एवढंच विचारलं, "किल्ली तुझ्याकडेच होती ना?"

वन्सं "हो" म्हणाल्या. दोन महिन्यांत त्यांनी आलेल्या पहिल्या स्थळाला होकार दिला, तोही लांबच्या गावचा. तेव्हापासून घरात लग्न असो की आजारपण, सकाळच्या बसने यायच्या आणि संध्याकाळच्या बसने जायच्या. बारा वर्षांत त्यांनी या घरात अंग म्हणून टेकलं नव्हतं. यंदा आप्पांनी स्वतः फोन करून "सुट्टीला ये" म्हटलं. पलीकडून उत्तर आलं, "शनिवारी येते. राहायचं बघू."

आणि त्याच शनिवारी, त्यांच्या डोळ्यांसमोर, तोच गल्ला पुन्हा हलका निघणार होता. फक्त किल्लीवाली बदलली होती.

वन्सं अकरा वाजता आल्या. बरोबर दोन मुली, आठ वर्षांची थोरली आणि पाच वर्षांची चिमणी. जावयांना रजा मिळाली नव्हती. सगळ्यांनी "या, या" केलं, पण बघितलं ते वन्संच्या हातातल्या पिशवीकडे. बाजारात न्यायची कापडी पिशवी. त्यात फार तर दोन टॉवेल मावले असते. आप्पांनीही पिशवी बघितली आणि चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

थोड्या वेळाने वन्सं स्वयंपाकघरात आल्या. "काय मदत करू?" म्हणाल्या, आणि ओट्यावरची किटली बघून थांबल्या. ती किटली होतीच तशी. एखाद्या शाळेच्या सहलीला चहा पाजता आला असता.

"वहिनी, ही कधी घेतलीत?"

"दोन महिने झाले. जुनी पुरेना."

"पुरेना? घरात माणसं तर पाचच."

"हल्ली चहा जास्त लागतो," वहिनी म्हणाली आणि आणखी एक कांदा घेतला. त्याची काही गरज नव्हती.

वन्संनी साखरेची बरणी उघडून आत बघितलं, झाकण लावलं. मग खाली वाकून सिलिंडर हाताने हलवून पाहिला. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात असं कुणी करत नाही. पण एकेकाळी हे त्यांचंच होतं, आणि हात विसरले नव्हते.

"किती दिवस जातो हल्ली?"

"पूर्वी दोन महिने जायचा. आता..." वहिनीचा आवाज बारीक झाला. "सव्वीस दिवस."

वन्सं ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग दार हळूच लोटून म्हणाल्या, "गल्ल्यात किती उरलंय?"

सुरी थांबली. वहिनीने बाहेरच्या खोलीकडे बघितलं, वन्संकडे बघितलं, आणि तीन महिन्यांचं साठलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. सिलिंडर, साखर, अंडी, अकरा वेळा उघडलेलं कुलूप. शेवटी म्हणाली, "वन्सं, शपथेवर सांगते, मी खाल्ले नाहीत हो."

वन्संनी तोंडावर हात ठेवला. वहिनीला वाटलं, रडतायत. पण त्यांचे खांदे हलत होते ते हसण्याने. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंड दाबून हसत होत्या.

"माझा तेवीस दिवसच जायचा," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्यापेक्षा बऱ्या."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचे यजमान कँटीनमध्ये जेवतात अजून?"

"नाही. तेल चांगलं नसतं म्हणतात. मी घरून बांधून देते. त्यांच्या जोडीदारालाही देते, दोघं एकत्र काम करतात ना."

"बरं. आप्पा सकाळी डेपोसमोरच्या टपरीवर जातात?"

"नाही, हल्ली घरीच..." वहिनी बोलता बोलता गप्प झाली. एकदा किटलीकडे बघितलं. मग सिलिंडरकडे. "अगं बाई," ती म्हणाली. तिने सुरी खाली ठेवली. "अगं बाई गं!"

"तेच," वन्सं म्हणाल्या. "तेच झालं होतं."

"मग तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही?"

"काय सांगणार? मलाच कळलं नव्हतं. चोवीस वर्षांची होते, आई नुकतीच गेलेली. मला वाटलं, मलाच घर चालवता येत नाही. लग्न झाल्यावर एकदा ह्यांनी सिगारेट सोडली, आणि महिन्याभरात माझ्या घरातली बिस्किटं नि शेंगदाणे तिप्पट संपले. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पण तोवर चार वर्षं झाली होती. चार वर्षांनी काय पत्र लिहू? आप्पा, साखर कुठे गेली ते आत्ता कळलं?"

वहिनीला हसू येत होतं आणि तिला या बाईला मिठीही मारावीशी वाटत होती. हाताला कांदा होता, म्हणून कोपरांनीच मारली.

"आज तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील."

"नाही. मी सांगितलं तर ते माझ्या जुन्या दुखण्याचं सांगणं होईल. तुम्ही खरं ते बोला. मी फक्त प्रश्न विचारीन. लेकीला तेवढा हक्क असतो."

चारला पाच मिनिटं कमी असताना सगळे बाहेरच्या खोलीत मोठ्या टेबलाभोवती बसले. शेजारचे घड्याळजीही होते. ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि गेले तीन महिने रोज सकाळी पेपर घेऊन यायचे. आज दुपारीही, पेपर वाचून झालेला असतानाही, ते पेपर घेऊनच आले होते. सवय लागली की लागली.

आप्पा कपाटाकडे गेले. गल्ला पत्र्याचा होता, कडेचा हिरवा रंग उडालेला, एकेकाळी त्यांच्या कंडक्टरचा तिकिटांचा डबा. त्यांनी तो उचलला, आणि वहिनीला त्यांच्या पाठीवरूनच कळलं. इतकी वर्षं तो डबा उचलून आप्पा पैसे न मोजता सांगायचे, यादी कितव्या नावापर्यंत जाईल ते. त्यांचा हात कधी चुकला नव्हता. ते वळले. गल्ला टेबलावर ठेवला तेव्हा त्याचा आवाजही झाला नाही.

"सूनबाई," ते म्हणाले, "किल्ली तुझ्याकडेच होती ना?"

धाकट्याने मान खाली घातली. वहिनीच्या नवऱ्याने आधी बहिणीकडे आणि मग बायकोकडे बघितलं. स्वतः आप्पांनाही आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं, कारण त्यांचा हात गल्ल्यावरच राहिला. वाक्य तेच होतं, शब्दाला शब्द.

टेबलाखालून वन्संचा पाय वहिनीच्या पायाला लागला.

"हो, आप्पा," ती म्हणाली. "माझ्याकडेच होती. आणि गल्ला मी उघडला. अकरा वेळा."

"अगं, काय बोलतेस?" नवरा म्हणाला.

"अकरा वेळा," ती पुन्हा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना सोपं गेलं. "सिलिंडर, साखर, अंडी, चहा. माझ्यासाठी काही घेतलं नाही. पण घेतले, आणि सांगितलं नाही, हे माझं चुकलं."

आप्पा काही बोलणार, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "आप्पा, आपली रीत काय? आधी सांगायचं, मग उघडायचं. कुणी काय सोडलं ते सांगा की आधी. मी बारा वर्षं ऐकलं नाही. चल धाकट्या, तुझ्या बायकोपासून."

धाकटी जाऊ दवाखान्यात नर्स होती. लग्नाला वर्षच झालं होतं आणि हा तिचा पहिला गल्ला. तिने मोठ्या उमेदीने काय सांगायचं ते पाठ केलं होतं. आता या वातावरणात ती अडखळतच म्हणाली, "मी बस सोडली. रोज दवाखान्यातून चालत आले. जाऊबाई, पन्नास मिनिटं लागतात."

"शाब्बास!" वन्सं म्हणाल्या. "आल्यावर भूक लागत असेल."

"खूप! मग मी... अंड्यांचं आम्लेट करते. दोन अंड्यांचं." ती थांबली. "तीन."

"आणि पाय दुखत असतील."

"गरम पाण्यात मीठ घालून बुडवते. पातेलंभर." तिने वहिनीकडे बघितलं. तिचे डोळे मोठे झाले. "जाऊबाई, गॅस?"

वहिनी ओठ घट्ट मिटून बसली, कारण हसू यायला लागलं होतं आणि ही वेळ हसायची नव्हती.

धाकटा आता चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. तो ताठ बसला. "मी शनिवारचा सिनेमा सोडला," तो म्हणाला. "ताई, तुला काय विचारायचं ते विचार, मी चालत वगैरे काही गेलो नाही."

"शनिवारी मग काय करतोस?"

"घरीच असतो. पत्ते खेळतो."

"एकटाच?"

"एकट्याने पत्ते कसे खेळणार? मित्र येतात."

"किती?"

"तीन." तो जरा थांबला. "कधी पाच. पण ते काही जास्त खात नाहीत हं! वहिनी, तूच सांग."

"काही नाही खात," वहिनी म्हणाली. "परवा पावाच्या दोन लाद्या, आणि बटाटे."

इथे घड्याळजी खळाळून हसले आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. वहिनीचा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. कुठलंही बिघडलेलं यंत्र काय करतंय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. तो आपणहून म्हणाला, "मी कँटीन सोडलं. तिने दोघांचं जेवण बांधून दिलं, माझं आणि जोडीदाराचं. माझ्या लक्षातच आलं नाही गं. मी मोठ्या थाटात कँटीनचे पैसे आणून गल्ल्यात टाकायचो." त्याने कपाळावर हात मारला. "म्हणजे मी एका खिशातून काढून तुझ्याच दुसऱ्या..."

"मीही काही शहाणी नाही," वहिनी म्हणाली, कारण आता गप्प बसणं तिला बरं वाटेना. "मी किरकोळ भाजी सोडली. स्वस्त पडतात म्हणून एकदम पोतंभर बटाटे आणले. अर्ध्यांना मोड आले. बागेत लावायचे तर बाग नाही."

"म्हणून आम्ही तीन महिने बटाटे खातोय होय!" धाकटा म्हणाला, आणि आता मात्र सगळेच हसले. नर्सबाई हसता हसता डोळे पुसत होती आणि म्हणत होती, "तीन अंड्यांचं, देवा, तीन!"

फक्त आप्पा हसले नाहीत. ते उभेच होते, हात गल्ल्यावर ठेवून.

"आप्पा, तुमचं राहिलं," वन्सं हळूच म्हणाल्या.

"मी पेपर बंद केला," आप्पा म्हणाले. "आणि टपरीवरचा चहा सोडला."

"पेपर मी आणतो ना रोज," घड्याळजी उत्साहाने म्हणाले. "आठ ते साडेनऊ आम्ही दोघं वाचतो. सूनबाईंचा चहा म्हणजे काय विचारता! दोन कप तर होतातच. वर टोस्ट. एक दिवस खाडा नाही. माझा पण टपरीचा खर्च वाचला की या निमित्ताने!"

आपण काय बोलून गेलो, हे घड्याळजींच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आलं तेव्हा त्यांनी पेपर उघडून त्यात तोंड घातलं.

आप्पा खुर्चीवर बसले. त्यांनी गल्ला बाजूला सारला. हसणं आपोआप थांबलं.

"बारा वर्षांपूर्वीही मी टपरीचाच चहा सोडला होता, मधल्या वर्षांत कधी नाही," ते म्हणाले. "तेव्हाही घड्याळजी यायचे. दादा तेव्हा घरून जेवण न्यायचा. बरोबर ना रे?"

"बरोबर," वहिनीचा नवरा म्हणाला.

"आणि मी विचारलं काय, तर किल्ली कुणाकडे होती." आप्पांनी लेकीकडे बघितलं. "पोरी, पस्तीस वर्षांत माझ्या गाडीतून एकही पॅसेंजर चुकीच्या थांब्यावर उतरला नाही. कागदोपत्री तसंच आहे. पण घरातला एक उतरवला मी. चूक ड्रायव्हरची होती. तुझी नव्हती. तुझी काहीच नव्हती गं."

हे ऐकायला वन्सं बारा वर्षं थांबल्या होत्या, आणि आता ऐकल्यावर काय करायचं ते त्यांना सुचेना. स्वयंपाकघरात त्या केवढ्या हुशारीने बोलल्या होत्या. इथे त्या नुसत्या बसून राहिल्या आणि गालांवरून पाणी ओघळत राहिलं. वहिनीने त्यांचा हात धरला. कांद्याचा वास अजून गेला नव्हता, पण कुणाला पर्वा नव्हती.

कोंडी फोडली ती धाकट्याने. "ताई, एक सांगू? ती दुर्बीण मिळाली नाही म्हणून मी चष्म्याच्या दुकानाबाहेर घुटमळायला लागलो. तिथेच चिकटलो. दुकानातल्या बाद काचांची दुर्बीण मी स्वतः केलीय, गच्चीवर आहे. म्हणजे तुझ्या त्या साखरेनेच मला नोकरी लावली!"

वन्सं रडता रडता हसल्या आणि त्याला एक चापट मारली. "मेल्या, बारा वर्षं सांगायचं नाही का?"

"तू संध्याकाळच्या बसच्या आधी कधी थांबलीस?"

मग वहिनीने किल्ली दिली आणि आप्पांनी गल्ला उघडला. होतं ते टेबलावर ओतलं. चिमणीला वाटलं, खूप आहे. तिने टाळ्या वाजवल्या, आणि तिच्यामुळे सगळ्यांनी वाजवल्या. अंदाजाने एक अक्रोडाचा केक आणि मुलींना चॉकलेटं, एवढं नक्की होणार होतं. "यादी वाचा," आप्पा म्हणाले. "निदान वाचायला तर पैसे पडत नाहीत."

थोरली नात स्वयंपाकघराच्या दाराशी आधीच उभी होती. ती नुकतीच भरभर वाचायला शिकली होती आणि दिसेल ते वाचायची, दुकानाच्या पाट्यासुद्धा. यादीचा वरचा भाग तिच्या उंचीच्या पलीकडे होता. नाकासमोर आली ती तळाची ओळ. इतक्या वर्षांत यादी तिथवर क्वचितच पोचली होती, आणि यंदा आप्पांनी काय लिहिलंय ते कुणी वाकून बघितलंही नव्हतं.

ती खणखणीत आवाजात वाचायला लागली. "लेकीने आठवडाभर राहावं. नाही जमलं तर एक रात्र."

आप्पांनी चष्मा काढला. या वेळी तो खरंच पुसण्यासारखा झाला होता.

"याला किती पैसे लागतात?" चिमणीने विचारलं.

वहिनीच्या मनात क्षणभर सिलिंडर येऊन गेला. तीन माणसं, आठ दिवस. खोटं कशाला बोला? आलाच. पण ती म्हणाली, "काही नाही लागत गं राणी." आणि मग न राहवून वन्संकडे वळली. "पण वन्सं, तुमची ती पिशवी..."

"पिशवी लहान आहे," वन्सं म्हणाल्या. त्यांनी नाक पुसलं आणि खिशातून एक पितळी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. बस स्टँडवरच्या सामानघराचा बिल्ला होता तो. "बॅग तिथे ठेवून आले. मोठी आहे, एकट्याने उचलणार नाही. धाकट्या, तू जा. दादा, तूही जा ह्याच्याबरोबर."

दोघे भाऊ दारात एकमेकांना धडकत बाहेर पडले. बिल्ला आप्पांनी उचलून मुठीत धरला होता, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते परत आले. "आप्पा, द्या की!" धाकटा म्हणाला. आप्पांनी मूठ उघडायला जरा वेळ लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता वहिनी सवयीने चहा टाकायला स्वयंपाकघरात आली, तर ओट्याशी तिचा नवरा आणि दीर उभे होते. बटाटे सोलणं चाललं होतं. साल कुठलं आणि बटाटा कुठला हे ओळखू येत नव्हतं, पण दोघांनी मनावर घेतलं होतं. नर्सबाई अंडी मोजत होती आणि दर अंड्याला एकदा वहिनीकडे बघत होती. आतल्या खोलीत वन्सं अजून झोपल्या होत्या. बारा वर्षांची झोप शिल्लक होती त्यांची. मोठी बॅग उघडून पडली होती आणि तिच्यातले कपडे खुर्च्यांवर पसरले होते, पाहुण्यांचे नाही, घरच्यांचे पसरतात तसे.

वहिनीने किटली उचलली. तेवढ्यात बाहेरून आप्पांचा आवाज आला.

"सूनबाई, आमचा चहा टाकू नकोस!"

ती दारात आली. आप्पा चपला घालून, केस नीट विंचरून उभे होते. एका बोटाला थोरली, दुसऱ्याला चिमणी. मागे घड्याळजी, काखेत पेपर.

"कुठे निघालात सगळे?"

"टपरीवर," आप्पा म्हणाले. "पुढच्या वर्षीच्या गल्ल्याची बचत आजपासून सुरू. मी आणि घड्याळजी घरचा चहा सोडला."

"आणि आम्ही दूध-बिस्किटं!" चिमणी ओरडली.

"अगं, काय सोडलं ते सांगायचं नसतं," आप्पा तिला म्हणाले. मग त्यांनी खिशात हात घालून गल्ल्याची किल्ली काढली, वहिनीच्या तळहातावर ठेवली आणि वरून तिची मूठ मिटवली.

"ही तुझ्याकडेच असू दे," ते म्हणाले. "बचतीचा भार पडतो तो स्वयंपाकघरावर, म्हणून तर किल्ली तिथे असते. लागेल तेव्हा उघड."